सबनीसकाका आणि सूर्याचे सोयरे

ईमेलच्या शेवटी नुसतं ‘रिगार्ड्‌स’ असेल तर सबनीसकाका डबा उघडत नसत. ‘वॉर्म रिगार्ड्‌स’ असेल तर उघडत. ‘बेस्ट’ आलं तर झाकण काढून दहीभाताकडे जरा वेळ बघत आणि परत लावत. एकदा एका देशाच्या प्रतिनिधीनं खाली काहीच न लिहिता नुसतं नाव टाकलं, तेव्हा काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी जाऊन पडून राहिले. दुसऱ्या दिवशी कळलं की तो बिचारा विमानतळावर एका हातात पोर धरून दुसऱ्या हातानं टाइप करत होता.

हे सांगितलं की लोक हसतात. गेल्या वर्षापर्यंत मीही हसायची.

आमचं ऑफिस कोलोरॅडोत, एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर, दुसऱ्या मजल्यावर. इथून चार तासांवर, डोंगरात, सूर्याकडे बघणारी एक मोठी दुर्बीण आहे. सूर्यावरचे डाग, तिथली वादळं, त्या वादळांनी आपले उपग्रह आणि विजेच्या तारा कधी बिघडतील, हे सगळं ती बघते. एवढी मोठी वस्तू एका देशाच्या खिशातून होत नाही. म्हणून सहा देशांनी मिळून ती उभी केली. अमेरिकेनं इमारत बांधली, वीज आणि पगार ती देते. कुणी आरसा घासून दिला, कुणी कॅमेरा दिला, कुणी इंजिनियर पाठवतं, कुणी दर वर्षी रोख रक्कम देतं. त्या बदल्यात प्रत्येकाला वर्षातले ठरावीक दिवस दुर्बीण वापरायला मिळतात. या सहा जणांचं एक मंडळ आहे, ते वर्षातून दोनदा बसतं, आणि दर पाच वर्षांनी सगळ्यांनी करारावर पुन्हा सह्या करायच्या असतात. आमचं ऑफिस या कराराचं. सूर्य आमच्याकडे फक्त फाइलमध्ये असतो.

दिगंबर सबनीस या ऑफिसचे समन्वयक. अमेरिकन लोक त्यांना ‘डिग’ म्हणतात. मी मीटिंगमध्ये सर म्हणते आणि बाहेर काका. मी नाशिकची, इथे एमएस करून लागलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ब्रेकरूममध्ये बसवून सांगितलं, “हे बघ, हे एकत्र कुटुंब आहे. प्रत्येकाला वाटतं, आपण जास्त देतो आणि आपल्या ताटात कमी पडतं. आपलं काम एकच. कुणी रुसलंय का, हे रुसणाऱ्याच्या आधी ओळखायचं.”

देशांची नावं ते ऑफिसात घेत नसत. भिंतीला कान असतात म्हणायचे. अमेरिका म्हणजे थोरली, घर तिचं. मग मधली आणि धाकटी. दोन देश सगळ्यात शेवटी आले आणि सगळ्यात जास्त मान मागतात, म्हणून ते व्याही. आणि एक फार लांबचे, जे मीटिंगला नेहमी अर्धा तास उशिरा स्क्रीनवर उगवतात, ते मामा. मलाही आता खरी नावं सुचत नाहीत, म्हणून मीही हीच वापरते.

धाकटी म्हणजे युरोपातला एक लहानसा देश. तिच्याकडे रोख देण्याइतकं काही नाही, पण सूर्याचा प्रकाश चाळून त्यातून तिथलं चुंबकत्व वाचणारं एक यंत्र तिनं बनवून दिलंय आणि तसं दुसरं कुठे नाही. तिची प्रतिनिधी डॉक्टर मार्टा. काका दर मंगळवारी सकाळी दार लावून तिला फोन करायचे. यंत्राची चौकशी, असं कॅलेंडरवर लिहिलेलं असे.

आपण भितो विंचवाला, सापाला. काका भितात मंत्रिमंडळाच्या खातेबदलाला. सकाळी सातला ते पाच देशांची वर्तमानपत्रं उघडून बसतात, भाषांतराच्या यंत्रातून वाचतात आणि कुठे विज्ञानमंत्री बदलला की मला मेसेज करतात, ‘लक्ष ठेव.’ मी डोंबलाचं लक्ष ठेवणार. पण त्या मेसेजनं माझीही कॉफी कडू व्हायची.

मंडळाच्या खोलीत पूर्वी लांबट टेबल होतं. लांबट टेबलाला डोकं असतं आणि डोक्याशी कुणीतरी एकच बसतं, म्हणून काकांनी गोल टेबल मागवलं. ते दारातून येईना. शेवटी खिडकीची चौकट काढून, क्रेन लावून आत घेतलं. खालचा दाताचा डॉक्टर रस्त्यावर उभा राहून बघत होता. त्यानं मला विचारलं की वर नक्की काय चालतं. मी म्हटलं, सूर्याचा अभ्यास. त्यानं पुन्हा एकदा क्रेनकडे पाहिलं आणि आत गेला.

आमच्या गावात मराठी घरं पाच. गणपती आमच्याकडे असतो. एका वर्षी उकडीचे मोदक कुणी करायचे यावरून देशमुखकाकू आणि लेलेकाकू यांचं इतकं बिनसलं की दोघींनीही केले आणि दोघीही एकमेकींच्या ताटाला हात लावेनात. पुढच्या वर्षी काकांनी एक पानी करार आणला. सम वर्षी देशमुख, विषम वर्षी लेले, सारण दोघींनी मिळून ठरवायचं, आणि वाद झाल्यास निवाडा माझ्या नवऱ्यानं, मंदारनं करायचा, कारण त्याला मोदक आवडत नाहीत. दोघींनी हसत हसत सही केली. काका हसत नव्हते. त्यांनी दोघींना एकेक प्रत दिली आणि तिसरी स्वतःच्या फाइलला लावली.

हे सगळं छान चाललं असतं, पण गेल्या वर्षी करार संपत आला आणि एक दिवस मार्टाचा ईमेल आला. चार ओळींचा. आमच्या मंत्रालयात बदल झाले आहेत, पुढच्या बैठकीला माझ्यासोबत एक नवीन अधिकारी असतील, तेच आमची भूमिका मांडतील. रिगार्ड्‌स, मार्टा.

काकांनी तो ईमेल मला तीनदा वाचायला लावला. मी म्हटलं, काका, घाईत लिहिला असेल. ते म्हणाले, “मार्टा घाईत लिहीत नाही. तिच्या मागे कुणीतरी उभं होतं.”

चार दिवस डबा उघडला नाही. मी घरून सूप न्यायला लागले. आमचा डायरेक्टर ग्रेग, भला माणूस, रोज दुपारी माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचा की डिग जेवला का. मी नाही म्हटलं की तो आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. भीती अशी जिन्यानं नाही, दारादारातून चढते.

मला वाटत होतं की मी वेगळी आहे, मी नाही घाबरत. मग एका संध्याकाळी मी बसून हिशेब मांडला. धाकटी गेली तर तिचं यंत्र तिच्याबरोबर जाईल, ते तिच्या मालकीचं आहे. त्या यंत्रासाठीच मधली या कुटुंबात आली होती, ती निघेल. दोघी गेल्या तर थोरलीकडे, म्हणजे आमच्या इथल्या सरकारकडे, आधीच कात्री तयार आहे, तिला निमित्त मिळेल. दुर्बीण बंद, ऑफिस बंद. माझा व्हिसा या नोकरीवर. मंदारचा जॉब तीन महिन्यांपूर्वी गेलेला, त्याचं इथे राहणं माझ्या व्हिसावर. नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. आमची इरा पाच वर्षांची, नुकती किंडरगार्टनमध्ये रुळलेली. म्हणजे न लिहिलेल्या एका ‘वॉर्म’पासून निघालं की चार उड्यांत माझ्या मुलीच्या दप्तरापर्यंत येता येत होतं.

त्यानंतर मी काकांना हसले नाही. उलट मलाच ती लागण झाली. मंदारनं मेसेजला नुसतं ‘ओके’ लिहिलं की मी विचारायची, काही झालंय का. तो म्हणायचा, “अगं, ओके म्हणजे ओके.” इराला कळत नसलं तरी घरातली हवा कळत होती. एकदा तिनं विचारलं, “आई, आर वी मूव्हिंग?” कुणी सांगितलं तुला, म्हटलं. कुणी सांगितलं नव्हतं.

बैठकीला पाच आठवडे होते. काकांनी मला बोलावून चाळीस पानांचा करार समोर ठेवला. तो त्यांना पाठ होता, तरी आम्ही ओळीनं वाचायला घेतला. सोडून जायचं असेल तर काय करायचं याचं कलम होतं. कुणाला काढायचं असेल तर त्याचं होतं. सगळंच मोडलं तर आरसा कुणाचा आणि घुमट कुणाचा याचं तर तीन पानी कलम होतं. काकांनी चष्मा काढला.

“बघ, घटस्फोटाची सगळी सोय आहे,” ते म्हणाले. “पण घरात अडचण आहे, वर्षभर माहेरी जाऊन येते, असं म्हणायची सोय कुणालाच नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही. मी तेव्हा होतो. माझ्याही आलं नाही.”

मग ते कलम आम्ही लिहायला बसलो. ते सांगायचे, मी टाइप करायची. एखाद्या देशाला अडचण असेल तर त्यानं दोन वर्षं बाजूला व्हावं. पैसे द्यायचे नाहीत, माणसं पाठवायची नाहीत. दुर्बिणीचे दिवसही मिळायचे नाहीत, ते बाकीच्यांनी वाटून घ्यावेत. त्याचं यंत्र मात्र जागेवरून हलवायचं नाही, त्याची निगा बाकीच्यांनी राखायची. आठवडाभर आम्ही एकेका शब्दावर अडत होतो. ‘गैरहजर’ नको, त्यात शिक्षा आहे. ‘माफी’ नको, त्यात उपकार आहेत. शेवटी ‘रजा’ ठरलं.

शेवटच्या वाक्याशी ते थांबले. रजेच्या काळात त्या देशाची मंडळावरची जागा रिकामी राहील आणि प्रतिनिधीचं पद संपेल, असं ते वाक्य होतं. मी विचारलं, हे हवंच का? जागा राहू दे की. ते म्हणाले, पैसे न देता मत राहिलं तर व्याही ऐकणार नाहीत, अख्खं कलम तिथेच पडेल. एवढं बोलून ते उठले, पाण्याची बाटली भरून आणली, खिडकीशी उभे राहिले. खाली दाताच्या डॉक्टरच्या दारात एक बाई गाल धरून उभी होती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग मागे न वळताच म्हणाले, “लिही.”

ते कलम ग्रेगनं वाचलं, छान आहे म्हणाला, आणि आमच्या सरकारी वकिलांकडे पाठवलं. वकिलांनी तीन आठवडे काही कळवलंच नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं की हरकत नाही, पण हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही, त्यामुळे थोरलीकडून तो मांडता येणार नाही. दुसऱ्या कुणीतरी मांडावा. कुणी? मधलीला विचारलं, ती म्हणाली बघू. मामांचा फोन लागेना.

बैठकीच्या दिवशी गोल टेबलाशी आम्ही पाच जण आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर बाकीचे. स्क्रीनवरच्या एका चौकटीत मार्टा राखाडी स्वेटर घालून बसली होती. तिच्या शेजारी तिच्या निम्म्या वयाचा, घट्ट टाय बांधलेला अधिकारी. काका कोपऱ्यात वहीत टिपणं घेत होते. समन्वयकानं लिहायचं असतं, बोलायचं नसतं. अकरा वर्षांत या खोलीत त्यांचा आवाज मी सोडाच, ग्रेगनंही ऐकला नव्हता.

अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं की त्यांचं सरकार प्राधान्यक्रम बदलत आहे, या भागीदारीतून सन्मानानं बाहेर पडत आहे, आणि यंत्र न्यायला उन्हाळ्यात माणसं येतील. वाचताना त्यानं एकदाही मार्टाकडे पाहिलं नाही. ती टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होती. मधलीच्या प्रतिनिधीनं घसा साफ केला आणि समोरचा कागद उलटा केला, तेव्हा मी मनात साठ दिवस मोजायला घेतले. ग्रेगनं विचारलं, आणखी कुणाला काही म्हणायचंय का.

काकांनी हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपर दुसऱ्या हातात धरून.

ग्रेग गोंधळला. मग म्हणाला, बोला. काका उभे राहिले. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि न बघताच बोलले. इंग्रजीत, हळू, अडखळत. ते म्हणाले की मी मंडळाचा सदस्य नाही, हे बोलायचा मला अधिकार नाही, आणि हे टिपणात येणार नाही कारण टिपणं मीच घेतो. मग त्यांनी कलम सांगितलं. शेवटी म्हणाले की हे यंत्र सोडवून पेटीत भरायलाच तुमचा एका वर्षाचा खर्च जाईल आणि ते परत जुळवता येईल की नाही हे बनवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. इथे असू द्या. तुमची वस्तू आम्ही वापरू, पण तुमची म्हणूनच वापरू.

मधलीनं लगेच विचारलं की मग उद्या आम्हीही रजा मागितली तर?

“मागा,” काका म्हणाले. “दहा वर्षांत एकदा प्रत्येकाला मिळेल. पण जो रजेवर, त्याला सूर्य नाही.”

एक व्याही हसला. ते हसू माझ्या कानाला इतकं बरं वाटलं की मी पेन खाली ठेवलं.

अधिकारी म्हणाला, विचारावं लागेल. पंधरा मिनिटांची सुट्टी झाली. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. मी मंदारला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. काका जागेवरून हलले नाहीत, वहीच्या समासात रेघा मारत होते. पंचवीस मिनिटांनी अधिकारी परत आला. टाय जरा सैल झाला होता. ‘बाहेर पडणं’ऐवजी ‘तात्पुरतं थांबणं’ म्हणता येत असेल तर मंत्री तयार आहेत, म्हणाला. पेटीचा खर्च बहुतेक कुणीतरी तिकडे मोजला होता.

मग मधलीनं कागद पुन्हा सुलटा केला. व्याह्यांनी एक शब्द बदलून घेतला, मान म्हणून. मामा उगवले आणि कशावर मत द्यायचं ते न विचारता हो म्हणाले. स्क्रीन बंद होण्याआधी मार्टा पुढे झुकली आणि म्हणाली, “थँक यू, दिगंबर.” अख्खं नाव, द आणि ग जागच्या जागी.

माझा व्हिसा वाचला. दुर्बीण वाचली. ग्रेगनं केक आणला. केक कापायला काकांना शोधत गेले तर ते आपल्या खोलीत प्रतिनिधींची यादी दुरुस्त करत होते. धाकटीपुढचं नाव पुसून त्यांनी तिथे एक छोटी आडवी रेघ काढली. तू हो पुढे, मी येतो, म्हणाले. आले नाहीत.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, त्यांनी मला आत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. जरा तपासून दे म्हणाले. कागद मराठीत होता. ऑफिसात त्यांनी मराठीत लिहिलेलं मी प्रथमच बघत होते. वर तारीख, खाली तीन ओळी. एक, तिकडचं हवामान. दोन, निवृत्तीनंतरचे बेत. तीन, ऐनवेळचे विषय.

मी विचारलं, हे कुणाच्या मीटिंगचं?

“मार्टाला फोन करायचाय,” ते म्हणाले. “पद गेलं तशी तिनं निवृत्ती घेतली. आता तिला फोन करायला माझ्याकडे कारण नाही.”

“कारण कशाला लागतं काका?”

“मला लागतं गं. कामाशिवाय मी कुणाला फोनच केलेला नाही. तुझी सुमनकाकू गेली तेव्हा पोरगा म्हणाला, बाबा, फोन करत जा. तो दुसऱ्या राज्यात, अर्विंगला. मी तीनदा केला, तिन्ही वेळा विचारलं, गाडीचं ऑइल बदललंस का. पुढे फोन उचलणं त्यालाच अवघड व्हायला लागलं.”

मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, कागदाच्या कडा सरळ करत. मंगळवारच्या फोनमध्ये यंत्राची चौकशी दहा मिनिटांत संपायची. पुढचा तास मार्टा तिच्या तळ्याबद्दल बोलायची, गोठलं का, विरघळलं का. सुमनकाकू हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा ती नुसती लाइनवर राहायची. कॅलेंडरवर तेव्हाही यंत्रच लिहिलेलं होतं.

“ते शेवटचं वाक्य लिहिताना मला माहीत होतं,” ते म्हणाले. “पण त्याच्याशिवाय बाकीचं उभं राहत नव्हतं.”

मी कागद परत दिला आणि म्हटलं, बरोबर आहे, काही बदलू नका. मी उठायला लागले तर म्हणाले, बस जरा, सुरुवातीपुरती.

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे दुपार उलटलेली असणार. पहिले दोन विषय मिनिटभरात संपले, हवामान ठीक होतं, बेत काही नव्हते. काकांनी कागदावर दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून थांबले. तिकडून तिनं काहीतरी विचारलं. त्यांनी पेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि तिला सांगायला लागले की एकट्यापुरता भात अजून मोजून लावता येत नाही, रोज उरतो.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.